पहिला सप्रेसर : आधी कान, मग बंदूक

१ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेतला एक जुना कर शून्यावर आला. बंदुकीचा आवाज कमी करणारं नळकांडं विकत घ्यायचं किंवा बनवायचं, तर १९३४ सालापासून केंद्र सरकारला २०० डॉलर मोजावे लागत. कायदा झाला तेव्हा ही रक्कम त्या वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट होती, आणि सामान्य माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये असाच तिचा परिणाम होता. पुढे महागाई कुठल्या कुठे गेली, तरी हा आकडा नव्वद वर्षं जागचा हलला नाही. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या अर्थविषयक कायद्याने तो शून्य केला. नोंदणी मात्र कायम राहिली. बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी आणि केंद्रीय नोंदवहीतला अनुक्रमांक, सगळं पूर्वीसारखंच आहे.

कायद्याच्या पुस्तकात या वस्तूचं नाव सायलेन्सर आहे, वापरणारे तिला सप्रेसर किंवा नुसतं ‘कॅन’ म्हणतात. कर गेल्यामुळे आजवर लांबून पाहणारे हजारो शिकारी आणि नेमबाज दुकानाची पायरी चढत आहेत. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : सुरुवात कुठल्या सप्रेसरने करावी? दुकानातल्या काचेच्या कपाटात पन्नास प्रकार मांडलेले असतात, प्रत्येकाबरोबर डेसिबलचे आकडे असतात, आणि नवखा माणूस सगळ्यात मोठ्या बंदुकीसाठी सगळ्यात महाग वस्तू उचलतो. माझं म्हणणं असं, की ही निवड बंदुकीपासून सुरू करू नये, कानापासून करावी. आपण सगळ्यात जास्त गोळ्या कुठल्या हत्यारातून झाडतो आणि त्या आवाजाचं आपल्या कानाशी काय होतं, एवढ्या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर अर्धं उत्तर मिळतं.

मॅक्सिम पिता-पुत्र

या वस्तूचा इतिहास एका घराण्याभोवती फिरतो. सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास पहिली खरीखुरी स्वयंचलित मशीनगन बनवली. आयुष्यभर तोफा-बंदुकांच्या चाचण्या घेता घेता उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकू येईनासं झालं होतं. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला इंजिनिअर होता. १९०९ मध्ये त्याने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि तो सर्रास विकायला काढला. जाहिराती उघड होत्या, गिऱ्हाईक शिकारी आणि नेमबाज होते. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही मॅक्सिम सायलेन्सर लावलेली विंचेस्टर रायफल होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास न देता घरामागे नेमबाजी करता यावी, ही त्या काळातली साधी अपेक्षा.

याच पर्सी मॅक्सिमने इंजिनाच्या धुराड्याचा आवाज कमी करण्यासाठीही असंच तंत्र वापरलं.

मग १९३४ साल आलं. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी देश हादरलेला होता. मशीनगन आणि आखूड केलेल्या बंदुकांना लगाम घालण्यासाठी नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट झाला आणि सायलेन्सरही त्याच यादीत गेला. त्या वेळच्या चर्चेत सायलेन्सरवर फारसा खल झालेला दिसत नाही. पण एकदा यादीत गेलेली वस्तू नव्वद वर्षं तिथेच राहिली. शिकाऱ्याच्या हातातलं साधं उपकरण लोकांच्या मनात मारेकऱ्याचं हत्यार होऊन बसलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्त मोहिमांसाठी बनलेलं ब्रिटिश वेलरॉड पिस्तूल किंवा डी लायल कार्बाइन यांनी त्या प्रतिमेत भरच घातली.

चित्रपटातला ‘फुस्स’ आणि खरा आवाज

सप्रेसरच्या आत असतं काय? एक मजबूत नळकांडं, त्यात एकामागे एक बसवलेले शंकूच्या किंवा तत्सम आकाराचे धातूचे पडदे, आणि मधोमध गोळी जाईल एवढं भोक. गोळी सुटते तेव्हा तिच्यामागून जळत्या दारूचे तापलेले वायू प्रचंड दाबाने बाहेर झेपावतात. ते एका क्षणात मोकळ्या हवेत फुटतात, तोच बार. सप्रेसर त्या वायूंना कप्प्याकप्प्यांत अडकवतो, थंड करतो आणि थोड्या सावकाशीने बाहेर सोडतो. गोळीला तो हात लावत नाही.

म्हणूनच चित्रपटात दाखवतात तशी तो बंदूक मुकी करू शकत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. .२२३ रायफलची (हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचात) गोळी सेकंदाला ९०० मीटरच्याही पुढे जाते. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी कुठलीही वस्तू हवेत तडाखा उठवत जाते, आणि तो तडाखा नळीच्या तोंडावर नव्हे, गोळीच्या अख्ख्या वाटेवर होतो. त्यावर सप्रेसरचा इलाज नाही. .४५ पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण २६० मीटरने जाते, म्हणून तिथे तडाखा नसतो. नऊ मिलिमीटरमध्ये १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी सहसा ध्वनीच्या वेगाखाली राहते, ११५ ग्रेनची हलकी गोळी बहुधा वर जाते. काडतुसाच्या डब्यावरचा हा एक आकडा सप्रेसरच्या किमतीपेक्षा जास्त फरक घडवतो.

आता कानाचं पाहू. बंदुकीच्या आवाजाचं मोजमाप शिखर-डेसिबलमध्ये होतं. साधी .२२ रायफल १४० च्या आसपास, नऊ मिलिमीटर पिस्तूल १६० च्या घरात, .२२३ किंवा .३०८ रायफल १६५ च्या जवळपास. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत धडक आवाजाची वरची मर्यादा १४० आहे. आपल्याकडे फटाक्यांसाठी चार मीटर अंतरावर १४५ डेसिबलचं शिखर कायद्याने ठरवलं आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ज्या सुतळी बॉम्बने खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्याच्याही कैक पट दाब रायफलवाला आपल्या कानापाशी एका बैठकीत पन्नास वेळा झेलतो.

चांगला सप्रेसर यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. डेसिबलचं गणित सरळ वजाबाकीचं नाही. ३० डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारपटींनी कमी. तरी १६५ मधून ३० गेले की १३५ उरतात, म्हणजे सप्रेसर लावलेली रायफलही मोठा आवाज करतेच. फरक एवढाच, की धोक्याच्या रेषेच्या वर असलेला आवाज रेषेखाली येतो. या एवढ्याशा फरकासाठी सगळा खटाटोप आहे आणि तो करण्यासारखा आहे. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेल्यांना भरपाई मिळते त्या व्याधींत कानात सतत गुणगुणणं ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार आहे. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाला जवळ असतो, म्हणून अनेक जुन्या शिकाऱ्यांचा डावा कान आधी जातो. कानाच्या डॉक्टरला श्रवणचाचणीचा आलेख पाहून माणूस रायफल चालवत असावा असा अंदाज करता येतो.

पहिला कुठला? तीन वाटा

अनुभवी विक्रेते नवख्याला सहसा तीन वाटा दाखवतात.

पहिली वाट .२२ ची. रिमफायर सप्रेसर हातात घेतला तर विजेरीएवढा, वजन शंभर ते दोनशे ग्रॅम. .२२ चं काडतूस स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, म्हणून घरातली मुलं नेमबाजी शिकतात ती यावर आणि सगळ्यात जास्त गोळ्या उडतात त्या यातूनच. ध्वनीच्या वेगाखालचं काडतूस आणि बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) रायफल असेल तर इथे आवाज खरोखर इतका खाली येतो, की गोळी लक्ष्यावर आदळल्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. अडचण एकच, स्वच्छतेची. .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते. शिसं आणि काजळी पडद्यांवर थरावर थर साचते. म्हणून हा सप्रेसर उघडून पडदे सुटे करता येतील असाच घ्यावा. साफ करताना हातमोजे घालावेत, कारण ते शिसं आहे आणि शिसं अंगात जाणं वाईट.

दुसरी वाट .३० व्यासाची. रायफलवाल्यांसाठी ही बहुउपयोगी निवड. .३०८ साठी बनवलेल्या सप्रेसरमधून .२२३ ची बारीक गोळी खुशाल जाते. भोक मोठं असल्याने थोडा आवाज जास्त सुटतो, पण एका नळकांड्यात तीन-चार रायफली भागतात. उलटं कधीही चालत नाही : लहान भोकातून मोठी गोळी म्हणजे सप्रेसर फुटणं, आणि हातालाही इजा होऊ शकते.

तिसरी वाट पिस्तुलाची, आणि नवख्याची फसगत सगळ्यात जास्त इथे होते. आजची बहुतेक पिस्तुलं ब्राउनिंग पद्धतीची आहेत : गोळी सुटली की नळी किंचित मागे सरकते, खाली झुकते आणि मग पुढचं काडतूस आत येतं. त्या नळीच्या टोकावर पाव किलोचं नळकांडं लटकवलं तर नळी झुकायचं विसरते आणि पिस्तूल एका गोळीनंतर अडतं. म्हणून पिस्तुलाच्या सप्रेसरच्या मागच्या टोकाला स्प्रिंग आणि दट्ट्या असलेला भाग असतो, त्याला बूस्टर किंवा नीलसन यंत्रणा म्हणतात. गोळी सुटताना ती क्षणभर सप्रेसरचं वजन नळीपासून तोडते. तोच सप्रेसर नळी न हलणाऱ्या कार्बाइनवर लावायचा असेल तर स्प्रिंग काढून घट्ट बसणारी कडी घालावी लागते. शिवाय पिस्तुलाला बाहेर आलेली, आटे पाडलेली वेगळी नळी लागते, आणि गोल सप्रेसर मूळचे दर्शक झाकून टाकतो, म्हणून उंच दर्शक बसवावे लागतात. हा सगळा खर्च धरल्याशिवाय पिस्तुलाच्या सप्रेसरची खरी किंमत कळत नाही. .४५ चा सप्रेसर घेतला तर त्यात नऊ मिलिमीटरही चालतं. थोडा जड, थोडा कमी शांत, पण दोन पिस्तुलांना पुरणारा.

आट्यांत अडकलेली गोष्ट

सप्रेसर आणि बंदूक यांची गाठ पडते ती नळीच्या तोंडावरच्या आट्यांवर, आणि इथली चूक महागात पडते. अमेरिकेत .२२ रिमफायर, .२२३ आणि नऊ मिलिमीटर या तिन्ही नळ्यांवर सर्रास एकाच मापाचे आटे असतात : अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे. म्हणजे .२२३ चा सप्रेसर नऊ मिलिमीटरच्या नळीवर तक्रार न करता बसतो. बसला म्हणजे जमला असं कुणी समजलं तर पहिल्याच गोळीला अनर्थ. .३०८ ला ५/८ इंच आणि इंचाला २४ आटे असतात. युरोपीय बनावटीच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलांवर साडेतेरा मिलिमीटरचे डावे आटे दिसतात. घरात एकाहून जास्त बंदुका असतील तर प्रत्येकीच्या नळीचं माप आणि व्यास लिहून ठेवणं हा पहिला नियम.

दुसरा नियम सरळपणाचा. दुकानातला जाणता माणूस बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहतो. सप्रेसर बसवतो. मग नळीच्या व्यासाची, अगदी सरळ तासलेली पोलादी कांडी पुढून आत सरकवतो आणि सप्रेसरच्या टोकाच्या भोकाकडे डोळा लावतो. कांडीभोवतीची काळी फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला फट बारीक झाली असेल तर आटे तिरपे कापले गेले आहेत किंवा नळीचा खांदा काटकोनात नाही. अशा नळीवरून झाडलेली गोळी आतल्या पडद्याला घासते. आधी नेम बिघडतो, मग पडदा, मग सप्रेसर. आटे आणि सप्रेसर यांच्यामध्ये चेपून बसणारी वायसर घालू नये, तेही याच कारणासाठी : ती एकसारखी चेपत नाही.

अनेकदा सप्रेसर थेट आट्यांवर न बसवता झटक्यात निघणाऱ्या जोडणीवर बसवतात. आता बहुतेक मोठ्या उत्पादकांनी मागच्या टोकासाठी एक सामाईक माप स्वीकारलं आहे : १.३७५ इंच व्यास, इंचाला २४ आटे. हे माप असलेला सप्रेसर घेतला तर उद्या जोडणी बदलता येते, सप्रेसर बदलावा लागत नाही. पहिल्या खरेदीत हे पाहणं पुढच्या दहा वर्षांचा पैसा वाचवतं.

धातूचंही थोडं. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण रिमफायर आणि पिस्तुलापुरतंच. टायटॅनियम हलकं आणि मजबूत, शिकाऱ्याच्या खांद्याला बरं. भरभर गोळ्या झाडणाऱ्याला स्टेनलेस स्टील, इनकोनेल किंवा स्टेलाइट लागतं, कारण एकामागोमाग तीस गोळ्या गेल्या की सप्रेसर उघड्या हाताने धरता येत नाही. आखूड नळीच्या रायफलला बाहेर पडणारा दाब जास्त असतो, म्हणून उत्पादकाने दिलेली किमान नळीलांबी वाचूनच खरेदी करावी. एआर-१५ सारख्या वायूवर चालणाऱ्या रायफलला सप्रेसर लावला की वायू मागे येऊन नेमबाजाच्या तोंडावर उडतो आणि बोल्ट जोरात आपटतो. त्यावर उपाय म्हणून वायूचा ओघ कमी-जास्त करणारी सोय, जड बफर किंवा वायू पुढे सोडणारी नव्या पद्धतीची रचना घेता येते. बोल्ट अ‍ॅक्शनला यातलं काहीच लागत नाही. आणि सप्रेसर लावल्यावर गोळी लागण्याची जागा किंचित सरकते, म्हणून नेम पुन्हा जुळवावाच लागतो.

कागदपत्रं, राज्यं आणि आपली माणसं

अमेरिकेतल्या ५० पैकी ४२ राज्यांत खासगी माणसाला सप्रेसर बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, डेलावेर, हवाई आणि ऱ्होड आयलंड इथे बंदी आहे. परवानगी असलेल्या राज्यातला माणूस गाडीतून चुकून बंदीच्या राज्यात शिरला तरी तो गुन्हा ठरू शकतो.

पद्धत अशी : विशेष परवाना असलेला दुकानदार, फॉर्म ४ हा अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, स्थानिक पोलिसप्रमुखांना सूचना, आणि मग एटीएफ या केंद्रीय खात्याच्या मंजुरीची वाट. मंजुरी येईपर्यंत सप्रेसर दुकानदाराच्या तिजोरीत राहतो. एके काळी यात वर्ष जात असे. २०२१ च्या अखेरीस हे काम ऑनलाइन सुरू झालं आणि २०२४ मध्ये काही अर्ज काही दिवसांतही निघाले. स्वतःच्या नावावर घ्यावा की कौटुंबिक ट्रस्टच्या, हा निर्णय आधी घ्यावा. वैयक्तिक नावावर घेतला तर मालकाच्या अनुपस्थितीत बायकोला किंवा मुलालाही तो हाताळता येत नाही. ट्रस्टमध्ये जबाबदार व्यक्ती म्हणून ज्यांची नावं आहेत त्यांना येतो, पण २०१६ पासून त्या प्रत्येकाचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. विकायचा किंवा दुसऱ्याला द्यायचा तर पुन्हा नवी नोंदणी. म्हणून पहिली निवड दीर्घकाळाची धरूनच करावी.

टेक्सास, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया अशा राज्यांत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या आपल्या वाचकांसाठी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचारावं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांची गोष्ट वेगळी. दुसरं, ‘फिल्टर’ किंवा ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ अशा नावाने इंटरनेटवर स्वस्तात विकली जाणारी नळकांडी मागवू नयेत. नोंदणी नसलेला सायलेन्सर म्हणजे दहा वर्षांपर्यंतचा तुरुंग. आणि ही वस्तू भारतात आणण्याचा विचारही नको : आवाज किंवा झोत कमी करणारं बंदुकीचं साहित्य आपल्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित शस्त्रांच्या पहिल्याच प्रवर्गात येतं.

विरोधाची बाजू

या वस्तूला विरोध करणाऱ्यांची भीती हवेतली नाही. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहरात शहर प्रशासनाच्याच एका कर्मचाऱ्याने १२ जणांना ठार केलं, त्याच्या पिस्तुलाला सप्रेसर होता. गोळीबार ओळखायला लोकांना उशीर झाला तर जीव जातात, हे म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. २०१७ मध्ये सप्रेसर मिळवणं सोपं करणारं विधेयक पुढे सरकत होतं, पण १ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये संगीत कार्यक्रमावर गोळीबार झाला आणि ते थंडावलं. २०२५ मध्येही सप्रेसर नोंदणीतून पूर्णपणे काढण्याचा प्रयत्न सिनेटच्या नियमांत अडला, उरला तो फक्त करातला बदल.

दुसऱ्या बाजूला, २०१७ मध्ये एटीएफच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने टिपण लिहून सांगितलं, की गुन्ह्यांत सायलेन्सरचा वापर फारच क्वचित होतो. २०२१ मध्ये नोंदलेल्या सप्रेसरची संख्या २६ लाखांच्या वर होती. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड इथले शिकारी सप्रेसर हा सभ्यतेचा भाग मानतात, आणि ब्रिटनमध्येही तो कायदेशीरपणे मिळतो. मला वाटतं, नोंदणी ठेवायची आणि दंडासारखा कर काढायचा हा मधला मार्ग योग्य आहे. वस्तू कुणाकडे आहे हे सरकारला ठाऊक असावं, पण आपला कान वाचवण्यासाठी माणसाला दंड पडू नये.

तेव्हा पहिला सप्रेसर घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. घरात .२२ असेल आणि मुलं शिकत असतील तर पहिला .२२ चाच घ्या. शिकार हा मुख्य छंद असेल तर सामाईक मापाच्या जोडणीचा .३० चा घ्या. पिस्तुलाचा तिसऱ्या नंबरावर ठेवा, आधी नळी, दर्शक आणि बूस्टर यांचा हिशेब मांडून. दुकानात कांडी घालून सरळपणा पाहिल्याशिवाय बंदूक घरी नेऊ नका. आणि सप्रेसर लावला म्हणून कानातले बोळे आणि इअरमफ काढू नका. मैदानावरचे सगळे, उभे राहून पाहणारी मुलंसुद्धा, कान झाकूनच असू द्या. वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्या. सप्रेसर तुटला तर दुसरा घेता येतो, कान गेला तर परत मिळत नाही.